तांब्याभर जिवाणी

गेल्या महिन्यात परळीला एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या मांडवात कारखान्यातली आमची जुनी मंडळी भेटली. सगळे निवृत्त, सगळ्यांना मधुमेह, तरी सगळ्यांच्या ताटात जिलबी. गप्पा रंगात आल्या आणि कोणीतरी म्हणालं, "आरं, त्ये किड्यांचे मामा आठवतेत का?" झालं. एकानं कढीची वाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली, बसल्या जागी सायकल मारल्याची नक्कल केली आणि ओरडला, "बाजूला सरका बे, आत सवारी हाय!" सात-आठ म्हातारे पोट धरून हसले.

जुन्या सवयीनं माझ्याही तोंडावर हसू आलं. मग टेबलावर नजर गेली. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या पसरल्या होत्या, प्रत्येकीतून एक-दोन घोट प्यालेले. वाढपी त्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या तशाच गोळा करून कचऱ्यात टाकत होता. मांडवाबाहेर बायका घागरी घेऊन नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत होत्या. माझं डोकं फिरलं. "तोंडं बंद करा," म्हणालो आणि ताटावरून उठलो. मंडळींना वाटलं, माझी साखर कमी झाली असावी. एकानं जिलबीचा तुकडा पुढं केला.

हे किड्यांचे मामा आमच्या सहकारी साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. गाव घाटनांदूरच्या बाजूचं, जातीनं सैतवाल जैन. आमच्याकडं जैन म्हटलं की लोकांना मारवाडी आणि किराणा दुकान आठवतं. यांच्याकडं दुकान नव्हतं, थोडी कोरडवाहू जमीन होती. आमच्यासारखंच बोलायचे, आमच्यासारखीच भाकरी खायचे. फक्त दिवस मावळायच्या आत जेवायचे आणि जमिनीखाली वाढलेलं काही खायचे नाहीत. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. कारखान्याच्या कॅन्टीनला बाराही महिने बटाट्याची भाजी, तेव्हा त्यांची जन्माची गाठ कारळाच्या चटणीशी पडली होती. बायको वारलेली, मुलगी नांदत होती. कॉलनीतल्या एका खोलीत एकटे राहायचे. मी शेती विभागात हंगामी कारकून म्हणून लागलो तेव्हा मला त्यांच्याच खोलीत जागा दिली. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला बापू.

त्यांची खरी ओळख पाण्याची. पाणी गाळल्याशिवाय प्यायचे नाहीत, यात काही नवल नाही. आमच्या घरीही माठाला फडकं बांधायचे. यांचं पुढचं प्रकरण वेगळं होतं. जाडंभरडं फडकं दुहेरी करून पाणी गाळायचं. मग ते फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हळूहळू एका तांब्यात धुवायचं. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्या तांब्यात उतरतात. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. ती जिवाणी जिथलं पाणी आणलं तिथंच परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, गटारात नाही, झाडाच्या मुळाशी तर नाहीच. आणि वरून भसकन ओतायची नाही. त्यासाठी त्यांच्याकडं एक लहान पितळी बादली होती, तिच्या बुडाला कडी. एक दोर कानाला, एक बुडाच्या कडीला. बादली सरळ खाली सोडायची, पाण्याला टेकली की बुडाचा दोर अलगद ओढायचा. पडून कुणाला लागू नये म्हणून.

गाळलेलं पाणीसुद्धा दोन घडीच चालायचं. दोन घडी म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यानंतर पुन्हा गाळायचं. त्यासाठी खिळ्याला एक घड्याळ टांगलेलं असायचं. एकदा गंमत म्हणून मी त्याचे काटे वीस मिनिटं मागं सारले आणि दाराबाहेर मित्रांना घेऊन बघत बसलो. काकांनी घड्याळाकडं बघितलं, उंबऱ्यावर आलेल्या उन्हाकडं बघितलं आणि म्हणाले, "आज घड्याळ दमलंय वाटतं." फडकं घेतलं आणि वेळेवर पाणी गाळलं. काटे कुणी फिरवले ते विचारलं नाही. तेव्हा आम्हाला वाटलं, म्हातारा बावळट आहे.

त्यांना चिडवणं हा कारखान्यातला फुकटचा तमाशा होता. एखादा म्हणायचा, "मामा, टाकीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकतेत. तुमचे भाचे कवाच मेले की!" ते म्हणायचे, "मेले का जगले, मला दिसतंय का? दिसत न्हाई म्हणूनच जपायचं." दुसरा म्हणायचा, "रस्त्यानं चालताना किती चिरडत आसाल, त्याचं काय?" ते म्हणायचे, "लई चिरडतो. म्हणून काय मुद्दाम चिरडू?" एवढंच. वाद घालायचे नाहीत, कुणाला उपदेश करायचे नाहीत. माझ्या ताटातल्या अंड्याकडं त्यांनी कधी वाकडं बघितलं नाही. वाद घातला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. हसणाऱ्याला समोरून शिवी आली की हसण्याचं पाप फिटल्यासारखं वाटतं. त्यांनी तेवढी सोयही आम्हाला दिली नाही.

एका वर्षी गाळप संपल्याचं जेवण होतं. मुद्दाम दिवस मावळल्यावर पंगत बसवली. त्यांच्यासमोर ताट मांडलं आणि एका संचालकानं पेटलेली पेट्रोमॅक्सची बत्ती त्यांच्या डोक्यावर धरली. "घ्या मामा, सूर्य उगवला! जेवा आता." पंगतच्या पंगत लोळली. काका उठले, हात जोडले आणि जग उचलून पंगतीत पाणी वाढायला लागले. शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत वाढत होते. ज्यानं बत्ती धरली होती त्यानं दोनदा पाणी मागून घेतलं.

मग तो दुष्काळ आला. सलग दुसरं वर्ष कोरडं. ऊसच नाही, तेव्हा चरक महिनाभरातच थंड झाला. कॉलनीतल्या कूपनलिका फुसफुसायला लागल्या. दोन कोसांवर एका शेतकऱ्याची विहीर तेवढी टिकून होती. ती ताब्यात घेऊन कारखान्यानं टँकर सुरू केला. माणशी दोन घागरी.

टँकर आला की सगळ्यांची घागर लावायची घाई, आणि काका ड्रायव्हरला विचारायचे, "कोणत्या विहिरीचं?"

ड्रायव्हर वैतागायचा. "पाण्याला काय गाव-आडनाव आसतंय का वो?"

"आसतंय बाबा. तुला हाय, मला हाय. त्येला कावून नसावं?"

आपल्या दोन घागरी गाळून झाल्या की तांब्यात जिवाणी घ्यायचे, त्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधायचे, तांब्या पिशवीत घालून सायकलच्या दांडीला अडकवायचे, कॅरिअरला ती कडीची बादली, आणि निघायचे. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं, वैशाखाच्या उन्हात, रोज. ज्या दिवसांत माणसं माणसाला घोटभर पाणी देत नव्हती त्या दिवसांत हा माणूस तांब्याभर पाणी परत करायला निघालेला! हसू नाही तर काय येईल? पोरंसोरं सायकलमागं धावायची. "मामा, भाच्यांना सांभाळून न्या!" मी दारात उभा राहून हसायचो. त्यांच्या खोलीत राहून, त्यांच्या चुलीवरचा चहा पिऊन हसायचो.

विहिरीच्या अलीकडं रस्त्याला लागून चेअरमनसाहेबांची मोसंबीची बाग होती. एके दिवशी काका विहिरीवर पोचले तेव्हा टँकर भरून निघाला होता. तो कॉलनीकडं न वळता बागेत शिरला आणि पाइप सुटला. काकांनी ते बघितलं, आदल्या दिवशीच्या पाण्याची जिवाणी सोडली आणि परत आले. कुणाकडं तक्रार केली नाही. तो त्यांचा पिंडच नव्हता. पण कॉलनीच्या तोंडाशी बायका रिकाम्या घागरी घेऊन सकाळपासून ताटकळल्या होत्या. एकीनं विचारलं, "आवो दादा, टँकर कुठं आडला?"

"आडला न्हाई माय. साहेबांच्या मोसंबीत गेला. मी आत्ताच बघून आलो."

खोटं बोलायचं नाही हे त्यांचं दुसरं व्रत, आणि तेही तेवढ्याच सहजपणे पाळायचे. तास-दीड तासात चाळीस-पन्नास बायका चेअरमनच्या बंगल्यापुढं घागरी आपटत होत्या. साहेब घाम पुसत बाहेर आले, ड्रायव्हरच्या नावानं शंख केला, चूक त्याच्या गळ्यात घातली. दुसऱ्या दिवसापासून टँकर कॉलनीत दोन वेळा यायला लागला. माणशी चार घागरी.

म्हणजे बघा. त्या उन्हाळ्यात कॉलनीतली पोरं प्यायली ती ह्या माणसाच्या एका खऱ्या वाक्यामुळं. आणि पुढं जे झालं त्यात त्याच पोरांचे बाप सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. हे आठवलं की माझ्या अंगाचा आजही तिळपापड होतो.

पंधरा दिवसांनी कारखान्याची वार्षिक सभा झाली. चेअरमनसाहेब बोलायला उठले. दुष्काळावर बोलले, सरकारवर बोलले, आणि मग आवाज बदलून म्हणाले, "आमच्या कारखान्यात एक स्टोअरकीपर हायेत. हितं माणसं तहानेनं तडफडायलीत, आन् हे गडी किड्यांना माहेरी सोडायला तीन कोस सायकल मारतंय!" सभासदांनी बाकं वाजवली. "आता ह्येंला डॉक्टरकडं न्यावं का किड्यांच्या डॉक्टरकडं, तुमीच सांगा!" मंडप हसून फुटायची वेळ आली. मागच्या रांगेतून काका उभे राहिले. सगळ्या माना मागं वळल्या. मला वाटलं, आता मोसंबीचं नाव निघणार.

"दोनच कोस हाय साहेब," ते म्हणाले आणि खाली बसले.

यावर जो हशा झाला तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. साहेबसुद्धा हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. रोज त्या विहिरीवर जाणारा आणि विचारलं तर खरं सांगणारा माणूस त्यांना परवडणारा नव्हता. नुसत्या टिंगलीनं तो थांबणार नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं असावं.

दुसऱ्या दिवशी मला बंगल्यावर बोलावणं आलं. साहेब पंख्याखाली बसले होते.

"तू त्याच्या खोलीत राहतूस न्हवं?"

"हो साहेब."

"फडकं धुतलेलं पाणी इहिरीत टाकतो का न्हाई?"

"टाकतात, पण साहेब, ते..."

"पण कशाला? मी इचारलं तेवढंच लिव. खोटं लिवायला मी कुणालाबी सांगत न्हाई." मग म्हणाले, "तू हंगामी हायस न्हवं आजून?"

मी लिहिलं. दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. आठवड्यात फळ्यावर नोटीस लागली. स्टोअरकीपर घाणेरड्या फडक्याचं पाणी सार्वजनिक विहिरीत टाकतात असं निदर्शनास आल्यामुळं आरोग्याच्या दृष्टीनं त्यांना विहिरीवर जाण्यास मनाई करण्यात येत आहे. साऱ्या तालुक्यात पाण्याला जेवढं त्यांनी जपलं तेवढं कुणी जपलं नसेल, आणि पाणी घाण केल्याचा आळ त्यांच्यावर! लोकांना ते पटलंही. म्हणजे पटलं नसेल, पण चाललं. त्यांच्या बाजूनं एक माणूस बोलला नाही. चार घागरी मिळत होत्या ना.

माझा जबाब त्यांना दाखवला गेला होता. संध्याकाळी मी खोलीवर जायचं टाळत होतो. गेलो तर ते कारळाची चटणी वाटत बसले होते. मी पुटपुटलो, "काका, मला लिहावं लागलं."

"आरं, मग काय झालं? फडक्याचं पाणी सोडतोच की मी. तू खोटं कुठं लिवलंस?"

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांना खरंच राग आला नव्हता. मी खोटं लिहिलं नाही याचं त्यांना समाधान वाटत होतं, आणि मला तिथं बसवेना.

त्या दिवसापासून त्यांनी टँकरचं पाणी सोडलं. ज्या पाण्याला त्याचे जीव परत करता येत नाहीत ते पाणी आपलं नाही, एवढा साधा हिशोब. लोक म्हणाले, टँकरमध्येच टाका जिवाणी. ते म्हणाले, टँकर काय घर हाय का त्यांचं, तासाभरात रिकामा होतोय. लोक म्हणाले, आता तरी सोडा हे खूळ, देव काय बघायला बसलाय का? ते म्हणाले, "देव बघतो म्हणून करत न्हाई मी."

नदीच्या कोरड्या पात्रात बायकांनी धुण्यासाठी वाळूत खड्डा करून झिरा काढला होता. अर्ध्या तासाच्या वाटेवर. त्यातून करवंटीनं पाणी घ्यावं लागायचं, मचूळ, गढूळ. काका तिथं जाऊन एक घागर भरायला दोन तास बसायचे. गाळायचे, प्यायचे, आणि जिवाणी तिथंच परत. स्टोअरची नोकरी चालूच होती. पंधरा दिवसांत गाल बसले, मग पोट बिघडलं, मग ताप भरला. मी टँकरचं पाणी तांब्यात घालून समोर धरलं, तर मान फिरवली.

तापाच्या तिसऱ्या दिवशी त्यांना उठता येईना. झिऱ्याचं राहिलेलं पाणी त्यांनी बसल्याबसल्या गाळलं, फडकं धुतलं आणि तांब्या माझ्यापुढं धरला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला काही काम सांगितल्याचं मला आठवत नाही.

"बापू, एवढं झिऱ्यात सोडून ये. माझ्यानं होईना. वरून टाकू नको, हळू, तांब्या पाण्याला टेकवून सोड. आन् तांब्या तिथंच विसळ, आत कुणी ऱ्हायलं नाई पाहिजे."

मी निघालो. दुपारची वेळ होती, डांबर पायाला चिकटत होतं. कॉलनीच्या फाटकाबाहेर बाभळीखाली आमची मित्रमंडळी पत्ते खेळत बसली होती. माझ्या हातातला तांब्या बघून एकानं आरोळी ठोकली, "आला बे, छोटा मामा आला!" सगळे हसले. त्या हसण्यात माझी दोन पावलंसुद्धा पुढं पडली नाहीत. महिनोन्‌महिने जे हसणं त्या माणसानं छातीवर घेतलं ते मला एक मिनिट सोसलं नाही. मीही हसलो. तांब्या बाभळीच्या बुडात उपडा केला. पाणी पडलं तसं जमिनीनं पिऊन टाकलं. तासभर पत्ते खेळलो, म्हणजे जाण्यायेण्याचा वेळ बरोबर भरेल, आणि खोलीवर परत गेलो.

"टेकवून सोडलंस न्हवं?"

"हो काका."

त्यांनी तांब्या हातात घेतला. आतून बोट फिरवलं. विसळलेला तांब्या ओला असतो, त्याला वाळू लागलेली असते. हा आतून कोरडा ठणठणीत होता, आणि तळाशी बाभळीची दोन वाळली पानं होती. बोट बाहेर काढून त्यांनी बघितलं, पानं काढून बाजूला ठेवली, तांब्या उशाशी ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

पुढं महिन्याभरातच त्यांनी राजीनामा दिला आणि मुलीकडं अंबाजोगाईला गेले. काही वर्षांनी तिथंच वारले असं कळलं. मी पुढच्या हंगामात कायम झालो. चेअरमनसाहेबांचा पुतळा आता कारखान्यापुढं उभा आहे, पाण्यासाठी आयुष्य वेचल्याचं खाली लिहिलेलं आहे. पण मला सांगायचंय ते त्या दुपारच्या दुसऱ्या दिवसाचं. ते त्या लग्नातल्या जिलबी खाणाऱ्यांना ठाऊक नाही, आणि मीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी उठून बघतो तर काका भिंतीला टेकून बसले होते. ताप फणफणत होता, ओठ फुटले होते. घागरीत तळाला थोडं पाणी होतं. मी ते गाळायला फडकं पुढं केलं. त्यांनी हातानं नको म्हटलं.

"आज उपास हाय. पाणीबी न्हाई."

"आज कोणती तिथी?"

"तिथी न्हाई."

"मग कशाचा उपास, काका? अंगात एवढा ताप आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

"काल ज्ये मेले, त्यांचा," ते म्हणाले. "म्हणलं, तुला काय उपास निभायचा न्हाई. म्हणून तुझ्या वाटचा मीच धरलाय."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. कॉलनीत घागरींचा खणखणाट सुरू झाला. मी कोपऱ्यातली माझी घागर उचलली आणि रांगेत जाऊन उभा राहिलो.